बारा सुताचा दरवाजा

सोमवार, ७ एप्रिल २०२५, बेसा

आज नव्या घरात राहायला आलो. माझ्या हातचं इथे जे आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: दिवाण एक, ओट्याखालची कपाटं चार, नातीसाठी पाळणा एक, आणि पुढचा सागवानी दरवाजा. उंची पावणेसात फूट, रुंदी सव्वातीन, जाडी बारा सूत, म्हणजे दीड इंच. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. खाप्याच्या शाळेत कारकुनी केली आणि सुट्ट्यांत रंधा मारला. दरवाज्याचे चोवीस स्क्रू, चोवीसही खाचा उभ्या एका रेषेत. बघून घ्यावं कोणीही.

बायको, प्रेमलता, पुण्याला आमच्या मुलीच्या, गार्गीच्या, बाळंतपणासाठी गेली आहे. रविवारी दोघी बाळाला घेऊन येतील. फोनवर तिनं आठवण दिली, की चौकट बसली की मिस्त्रीले नारळ अन् सव्वा रुपया द्यावा लागते, तेव्हा दरवाजा मालकाचा होते. मी म्हटलं, मालक मी, मिस्त्रीही मीच, या खिशातून त्या खिशात टाकू का? ती म्हणाली, टाका नं मंग, खिसा फाटते का?

टाकला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

गार्गीनं फोनवरून मेसेज करायला शिकवलं. पद्धत अशी: वर भिंगावर बोट, नाव लिहायचं, माणूस सापडला की ‘मेसेज’, खालच्या पट्टीत मजकूर, शेवटी बाण. समोरच्यानं वाचलं की खाली ‘पाहिले’ येतं. पहिला मेसेज तिलाच केला, ‘स.न.वि.वि.’ घालून. ती म्हणाली, बाबा, हा काय रजेचा अर्ज आहे का?

मग दरवाज्याचा फोटो मापांसकट सगळ्यांसाठी टाकला. सीताबर्डीच्या प्लायवूडवाल्यानं अंगठा पाठवला.

बुधवार, ९ एप्रिल

अनोळखी माणसांचे मेसेज वेगळ्या कप्प्यात पडतात, हे माझं मी शोधलं. तिथे एक होता. नाव देवराव, फोटो नाही. दरवाजा कोणत्या हाताला उघडतो, कडी कशी केली, बिजागऱ्या किती, असं विचारलं होतं. इतक्या बारकाईनं आजवर कोणी विचारलं नव्हतं. बत्तीस ओळी लिहिल्या. कडी बाहेरून कशी सरकते तेही.

‘पाहिले’ लगेच आलं.

गुरुवार, १० एप्रिल

देवरावाचं उत्तर: ‘तिसऱ्या बिजागरीपाशी बारा नाही गा, अकरा सूत हाय.’ हसलो. जेवण झाल्यावर उगाच मोजून पाहिलं. अकरा.

जाडी फोटोत दिसत नाही. तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं. उत्तर आलं: ‘काल मोजलं. तुमी जेवून राहिले होते.’

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी त्याला ब्लॉक केलं. नावावर बोट, तळाशी ‘ब्लॉक’, पुन्हा एकदा ‘होय’. दोनदा तपासलं.

भर दुपारी गार्गीच्या नावानं मेसेज आला: ‘चौकट डावीकडे दोन सूत बाहेर हाय गा.’ माझी मुलगी मला गा म्हणत नाही. तिला सूत म्हणजे काय तेही माहीत नाही. फोन लावला. ती बाळाला न्हाऊ घालत होती, मोबाईल चार्जिंगला होता.

ओळंबा लावला. दोन सूत बाहेर. चौकटीच्या आतल्या अंगाला कोळशाची बारीक रेघ आहे. मी लाल पेन्सिल वापरतो. कायम.

शनिवार, १२ एप्रिल

पुन्हा गार्गीच्या नावानं: ‘मिस्त्रीले मान कोनी देल्ला? कोनीच नाही. मी देतो. सव्वा रुपया. मंग दरवाजा माहा, अन् त्यातून जे पहिलं आत येईन तेही.’

लिहिलं: नाही. देणार नाही. ‘पाहिले.’

दरवाजा उतरवायला बसलो — स्क्रूंना खाचा नाहीत. चोवीसही गुळगुळीत. कुऱ्हाड मारली, लाकडावर ओरखडासुद्धा नाही.

मागच्या दारानं निघून जावं म्हटलं. पण मग त्या दोघी येतील तेव्हा इथे कोण असेल —

गार्गीला मेसेज केला, येऊ नका. ‘पाहिले’ आलं. फोन केला तर म्हणते काहीच आलं नाही. मग पाहिलं कोणी? बायको मागून म्हणाली, एकटं राहून डोकं फिरलं, गाडीत बसलो बी आम्ही.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी सात. दरवाज्याच्या आत, उंबऱ्याला लागून — दोन नाणी: एक रुपयाचं आणि एक जुनं चार आण्यांचं. चार आणे बंद होऊन किती वर्षं झाली.

हात लावला नाही. हात लावला की घेतल्यासारखं होईल. केरसुणीनं फटीतून बाहेर लोटली दोन्ही. बरं केलं.

नऊ. स्टेशनवरून फोन. मागच्या दारानं या म्हटलं. बायको हसली. नवं घर, लक्ष्मी पहिल्यांदा घरात येते, ते काय मोरीकडून?

साडेनऊ. मागून बाहेर पडावं, गल्लीतच अडवावं — मागचं दार उघडत नाही. ते तर मी केलेलंही नाही.

ऑटो थांबली.

कडी धरून बसलो आहे. वही मांडीवर. ओरडलो — बायको म्हणते, आलो नं, काहून ओरडून राहिले. आता वाकली. गार्गीला दाखवते आहे: पाह्य वं, शेवटी ऐकलं तुह्या बापानं, पायरीवर सव्वा रुपया ठेवला. घे, पोरीच्या मुठीत दे, तिलेच पहिली आत —

कडी माझ्या हातात सरकते आहे.

मी घेतला नाही. लिहून कळवलं आहे, नाही म्हणून. मागणी दरवाज्याची, आणि त्यातून जे पहिलं आत येईल त्याची. रक्कम सव्वा रु—