गाळलेली चित्रं

३ मार्च, मंगळवार

चूक सापडली. माझीच आहे.

अण्णांना जाऊन आज सोळा दिवस. कामावर परतून दुसराच. शंकासुराने — आमचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टिंगवाल्याला सगळे हेच म्हणतात, तोंडावरसुद्धा — एक एक्स-रे चित्रफीत पुढ्यात आणून ठेवली. रुग्ण पाण्याचा घोट गिळतोय. "घड्याळ लावून बघितलं मी. तीन सेकंद लागतात. तुमची लायब्ररी म्हणते, एक. कोण खोटं बोलतंय?"

मी हसले. दुपारपर्यंत हसू पार मावळलं.

४ मार्च

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

आमच्या लायब्ररीत, म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्रामांच्या संचात, चित्रफीत एका नोडमधून, म्हणजे कामाच्या एका टप्प्यातून, दुसऱ्यात जाते. एक नोड चित्र साफ करतो, एक उजळ करतो, शेवटचा गिळण्याचा वेळ मोजतो. या नोडना जोडणाऱ्या रेघांवरून जी वाहते ती फ्रेम. ती कशी असावी, सहा वर्षांपूर्वी मी ठरवलं. आत चित्र, त्याची लांबी-रुंदी आणि एक अनुक्रमांक. बस्स. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे नंबरावरून वेळ निघतेच की! शंकासुर तेव्हाच म्हणाला होता, "फ्रेमला तिची स्वतःची वेळ द्या हो. नंबर काय, रांगेतून कोणी उठलं की बदलतो." मी म्हटलं, उगाच ओझं कशाला.

मग गेल्या वर्षी आम्ही सारखी दिसणारी चित्रं गाळणारा नोड घातला. काम झटपट व्हावं म्हणून. तो गाळतो आणि उरलेल्यांना नव्याने नंबर देतो.

आणि चित्रं सारखी दिसतात कधी? घोट घशाशी थांबून राहतो तेव्हा! म्हणजे ज्याचा घोट जास्त अडकतो, त्याचीच जास्त चित्रं गळतात. जो सगळ्यात आजारी, तो आमच्या आकड्यात सगळ्यात ठणठणीत.

५ मार्च

अण्णांची तपासणी आमच्याच सॉफ्टवेअरवर झाली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर मीच हट्टाने त्या हॉस्पिटलात नेलं. "माझ्या लेकीने केलंय हे मशीन," असं वाकड्या झालेल्या तोंडाने दिसेल त्या नर्सला सांगत होते. मशीन नाही हो अण्णा...

तपासणीची सीडी कपाटात आहे. हात लावला नाही.

७ मार्च, शनिवार

लावली.

अहवालात — एक सेकंदाहून कमी. साधं पाणी चालेल, घट्ट करून द्यायची गरज नाही.

खरं — तीन सेकंदांच्या वर. एकेक फ्रेम मोजली. शहाण्णव. त्यातल्या सत्तर आमच्या नोडने गाळल्या. सत्तर चित्रं, प्रत्येकात अण्णांचा जबडा, त्यांची मान, आणि पाणी तिथेच थबकलेलं.

पाणी फुफ्फुसात गेलं. न्यूमोनिया. नऊ दिवस.

मी मारलं त्यांना.

८ मार्च

उठलेच नाही.

९ मार्च, सोमवार

साहेब म्हणाले, "शांतपणे दुरुस्त करा. पुढच्या आवृत्तीत जाईल. हॉस्पिटलांना कळवून उगाच घबराट कशाला?"

"साहेब, माझे वडील गेले यात."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. "दोन दिवस सुट्टी घ्या."

जागेवर येऊन आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चौदाही हॉस्पिटलांना पत्र लिहिलं. जुने सगळे आकडे चुकीचे धरा, रुग्णांना पुन्हा तपासा. शंकासुराने खुर्चीमागे उभं राहून वाचलं. "एक शंका आहे."

"आता काय?" मी खेकसले.

"खाली माझं नाव का नाही?"

दोघांच्या नावाने पाठवलं.

११ मार्च

नोकरी गेली की राहिली, कोणी बोलत नाही. फ्रेममध्ये वेळ घातली. एक ओळ. एकच ओळ होती! इतके दिवस रडू आलं नव्हतं, ती टाइप करताना आलं.

१३ मार्च

सात हॉस्पिटलांचं उत्तर आलं. रुग्णांना परत बोलावताहेत. बरं वाटायला हवं. नाही वाटत. घास उतरत नाही. आई विचारते, "काय झालंय गं तुला?" काही नाही म्हणते. तिच्या तोंडाकडे बघवत नाही. उद्या सांगणार. मग तिने मला घरात ठेवलं नाही तरी चालेल.

१४ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. आई ताट पुसत होती. पुसतच राहिली.

मग म्हणाली, "त्या तपासणीवाल्या बाईंचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. म्हणाल्या, आकडा मला पटत नाही, पावडर घालून घट्ट केलेलंच पाणी द्या, साधं अजिबात नको. ते घट्ट पाणी हे थुंकून टाकायचे गं. हात जोडायचे माझ्यापुढे. मी साधंच देत होते. रोज. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

मी तिच्या हातातून ताट घेतलं.