मामांच्या नावापुढचा शेरा खोडण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी व चौकशी अधिकारी,
रुग्णालय प्रशासन, दुसरा मजला.

विषय : एमआरआय कक्षातील अपघाताच्या अहवालात मृत कक्षसेवकाच्या नावापुढे मारलेला 'निष्काळजी' हा शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस व तिच्यासोबत माझ्या सहीसाठी आलेला तयार जबाब.

महोदय,

मी एमआरआय कक्षात तंत्रज्ञ आहे. उत्तर तीन दिवसांत मागितलं होतं, सहाव्या दिवशी देते आहे. मुलगी आठ महिन्यांची आहे. दुपारी तिचा डोळा लागतो तेवढाच वेळ माझा. अक्षर जिथे वाकडं गेलं आहे तिथे ती मांडीवर होती, असं समजून घ्यावं.

१. आमच्या मशीनचं चुंबक बंद होत नसतं. दिवे मालवा, कुलूप घाला, ते आत जागंच असतं. लोखंड दारातून आत आलं की हातात राहत नाही, उडतं. म्हणून कक्षासाठी अॅल्युमिनियमचा एक वेगळा ऑक्सिजन सिलिंडर होता, चंदेरी. बाकी सगळे लोखंडी आणि काळे. अपघाताच्या तीन आठवडे आधी आपण तपासणीला आला होता. 'सिलिंडरांच्या रंगात एकसारखेपणा नाही' असं आपण लिहिलंत. चार दिवसांत सगळे सिलिंडर काळे झाले, चंदेरीसुद्धा. रंगाऱ्याने काम मन लावून केलं होतं, हे मान्य करायला हवं. आमच्या कक्षसेवक मामांनी आमच्या सिलिंडरच्या गळ्याला बँडेजची पट्टी बांधली, तर ती गबाळी दिसते म्हणून कुणीतरी सोडली. भांडारातला माणूस रोज सकाळी रिकामे सिलिंडर नेतो आणि जागेवर भरलेले ठेवतो. पूर्वी तो चंदेरीला हात लावत नसे. त्या दिवशी त्याने आमचा नेऊन त्या जागी लोखंडी ठेवला. त्याला तरी काय कळणार?

२. अहवालात मामा निष्काळजी आहेत. मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा लंगोटाची सेफ्टी पिन रोज माझ्या पदरालाच राहायची. मामा दारात हात पुढे करून नुसतं "ताई, पिन" म्हणायचे आणि संध्याकाळी ती परत द्यायचे. एकदा त्यांनी अधीक्षकसाहेबांचा पट्टा उतरवून घेतला होता. साहेब विजार धरून आत गेले. चौदा वर्षांत त्यांनी आत एक खिळा जाऊ दिला नाही.

३. त्या दिवशी चार वर्षांची मुलगी गुंगीचं औषध देऊन मशीनमध्ये होती. तिचे ओठ निळे पडू लागले. भिंतीतला ऑक्सिजन दोन महिन्यांपासून नादुरुस्त आहे (अर्ज केले आहेत). मी ओरडले, "मामा, सिलिंडर आणा." ते धावत आले. दाराच्या आत दोन पावलं टाकली आणि सिलिंडरने त्यांना ओढलं. सोडला असता तर ते वाचले असते आणि तो थेट बोगद्यात, मुलीच्या डोक्यावर गेला असता. त्यांनी सोडला नाही. मिठी मारून अंग एका बाजूला टाकलं. सिलिंडर मशीनच्या कडेवर आदळला तेव्हा मध्ये त्यांची छाती आणि डावा हात होता. हाडांचा आवाज मी ऐकला. रक्त पांढऱ्या कव्हरवरून खाली आलं, माझ्या चपलांपर्यंत. मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं; चुंबक मारायचा तो एकच, आणीबाणीचा मार्ग. चुंबकाचा जोर उतरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. मी त्यांच्याकडे धावले तर ते म्हणाले, "मला नको, आधी पोरीला काढा." मी टेबल ओढलं, तिला बाहेर आणून पिशवीने श्वास दिला. ती जगली. मामांना संध्याकाळी ऑपरेशनच्या टेबलावरच मरण आलं.

४. नोटिशीतले प्रश्न. लाल बटण दाबण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी का घेतली नाही? मामा दोन हातांइतक्या अंतरावर चिरडले जात होते आणि वरिष्ठ जेवायला गेले होते, म्हणून. वजनातला फरक मामांना कळायला हवा होता, असं अहवाल म्हणतो. आपण एकदा काळानिळा पडलेला जीव समोर ठेवून, दोन वेगवेगळे सिलिंडर उचलून धावून पाहावं, ही विनंती.

५. तयार जबाबात लिहिलं आहे की, 'मी त्यांना अडवलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.' सही केली तर माझी नोकरी राहते, हे मला नीट समजावण्यात आलं आहे. मामांच्या बायकोला मदत मिळणार नाही, हे मला मीच समजावलं. महोदय, मी अडवलं नव्हतं, बोलावलं होतं. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दारातच छोटं चुंबक लावून पाहायचं, हे काम तंत्रज्ञाचं, म्हणजे माझं आहे. ते त्या दिवशी माझ्या खिशात होतं आणि मी ते काढलं नाही. मुलीकडे बघत होते. माझी मुलगी असती तरी असंच झालं असतं, पण ही सबब नाही.

तरी मामांच्या नावापुढचा 'निष्काळजी' हा शब्द खोडावा. अहवालात तो कुठेतरी ठेवणं भागच असेल, तर माझ्या नावापुढे लिहावा. आणखी एका नावापुढे जागा आहे; ते नाव मी लिहीत नाही, आपली सही मला वाचता येते.

सोबत : तयार जबाब, सही न करता परत.

दि. १९

त्या दिवशी "आणा" म्हणणारी,
तंत्रज्ञ, एमआरआय कक्ष