तीनशे बारा खंड आणि देवकाबाईंचे वावर

मी, प्रभाकर रूपराव भोयर, वय सहासष्ट, निवृत्त ग्रंथपाल, राहणार सिंदी मेघे, वर्धा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करीत नाही. हे शेवटचे कायद्याला लागते म्हणून लिहिले. खरे म्हणाल तर तेरा वर्षे मी दबावाखालीच आहे.

१. राहते घर पत्नी सौ. कौशल्याबाई हिला, तिच्या पश्चात मुलगी वर्षाली हिला. बँकेतली ठेव दोघींना निम्मी-निम्मी. यात भांडण्यासारखे काही नाही आणि त्या भांडणाऱ्याही नाहीत.

२. मागची खोली मात्र राहत्या घरात धरू नये. तिच्यात शासकीय राजपत्राचे तीनशे बारा बांधीव खंड आहेत. सरकारने कोणाची जमीन घेतली, कोणाची सोडली, कोणी नाव बदलले, हे सारे राजपत्रात छापून येते. ज्या ग्रंथालयात मी एकोणतीस वर्षे शासकीय प्रकाशनांचा विभाग सांभाळला, त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

सन २०१२ मध्ये तिथले अधिकारी धनंजय उमाटे म्हणाले, "भोयर, हे कोन वाचते हो? समदं आता कॉम्प्युटरवर येऊन राह्यलं." जुने काही आले नाही, ते सोडा. खंड रद्दीत काढायचा हुकूम निघाला. मी प्रत्येकावर 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून बाद, असा शिक्का मारला, दाखल नोंदवहीत लाल रेघ ओढली आणि दाखल्यावर सही केली: 'वरील सर्व खंड माझ्यासमक्ष नष्ट करण्यात आले.' मग ओळखीच्या चिंधूच्या ऑटोत अकरा खेपा करून ते घरी आणले. वाटले, साहेब बदलला की गुपचूप परत लावून टाकू. साहेब बदलला, पण तोवर कपाटेही गेली होती. शिवाय नष्ट झालेली वस्तू परत दाखल कशी करायची? नोंदवहीत त्याला रकानाच नाही!

तो 'निर्लेखित' शिक्का मी श्री. उमाटे यांना देतो. त्यांनी तो हवा तिथे मारून घ्यावा.

३. वर्षालीची मी माफी मागतो. तिचे सासर हिंगणघाटला, जेमतेम तासाभराच्या वाटेवर. पण तेरा वर्षांत मी तिच्याकडे एकदाही मुक्कामाला राहिलो नाही. तिच्या लग्नातसुद्धा पाठवणी झाली तसा परतलो. वाळवी लागेल, कोणी डोकावेल, हाच घोर. मागची खिडकी उघडत नाही. त्या खोलीला चुना नाही. घरी पाहुणा आला की मी ओट्यावरूनच चहा देऊन वाटेला लावतो, आणि कौशल्या ओशाळून आत बसते. पोरगी विचारते, "बाबा, काऊन येत नाई तुम्ही?" मी म्हणतो, गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

४. आता जे लिहायला बसलो ते. श्रीमती देवकाबाई, राहणार नाचणगाव, आज वय चौऱ्याहत्तर. त्यांचे दोन एकर वावर, गट क्रमांक ११८, एका कालव्यासाठी सरकारने घेतले. कालवा झाला नाही. १९८७ च्या राजपत्रात तो गट संपादनातून वगळला, पण सातबाऱ्यावर सरकारचेच नाव राहिले. तो अंक आणा, असे तहसीलीत त्यांना सांगतात. २०१४ साली त्या माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, हाये काय जी माह्या वावराचा कागद?" मी नोंदवही उघडून लाल रेघ दाखवली. "नाई जी. नष्ट झालं ते."

तो खंड माझ्या घरी, मागच्या खोलीतल्या पलंगाखाली होता. माझाच दाखला मीच खोटा कसा ठरवू? निवृत्तिवेतन जाईल, नाव जाईल, ही धास्ती. मी नागपूरला आणि मुंबईला जाऊन दुसरी प्रत शोधली, तीही कुठे मुक्काम न करता, मिळेल त्या गाडीने परतून. दोन्हीकडे तो अंक नाही. शिक्क्याचे पान फाडून बाकीचा खंड देता आला असता. पण पान मी फाडणार नाही, ते माझ्याने व्हायचे नाही. बाई मात्र येतच राहिल्या, मी निवृत्त झाल्यावर घरीही. ओट्यावर बसतात, पाणी पितात, तेच विचारतात. मी तेच सांगतो. मधे एक भिंत असते. लाज वाटते मला, दुसरे काय.

५. सबब, माझ्या मृत्यूनंतर सदर खंड देवकाबाईंना द्यावा.

इथवर लिहून कौशल्येला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे तुमी मराची वाट पाहत बसावं काय त्या बाईनं? अन् आधी तेच मेली त?"

मी पेनचे टोपण पुन्हा काढले.

६. कलम ५ रद्द. आज दुपारी देवकाबाईंना बोलावून, शेजारी निकेश तडस यांच्यासमोर, तो खंड मी त्यांच्या हातात दिला. खोट्या दाखल्याची लेखी कबुलीही सोबत जोडली. त्यांनी विचारले, "कुठं होतं हे इतके दिवस?" मी खोलीकडे बोट केले. "अन् मी इथं पानी पेत होतो," म्हणाल्या. माफ केले नाही. मीही माफी मागितली नाही.

साक्षीदार म्हणून राहता का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "अंगठा देतो. पन सव्वीस तारखेले तहसीलीत माही तारीख हाये, तवा सायबापुढं तुमी सोता येऊन सांगजा." मी जाणार आहे. त्यामुळे निवृत्तिवेतनावर माझ्या वारसांनी विसंबू नये. उरलेले तीनशे अकरा खंड ज्याला पाहायचे त्याने येऊन पाहावे. दार उघडे आहे.

ठिकाण: सिंदी मेघे, वर्धा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: प्र. रू. भोयर

साक्षीदार
१. निकेश तडस, शेजारी (सही)
२. देवकाबाई, नाचणगाव (डाव्या हाताचा अंगठा). ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील सांगतात. माझ्या मरणाने या बाईंना आता काहीही मिळायचे नाही.