समितीच्या न हललेल्या भिंगांबाबत

प्रति,
मा. संचालक तथा अध्यक्ष, यंत्र तपासणी समिती,
नेत्र संशोधन संस्था.

विषय: भिंग-मापन यंत्र (चालकासह) भंगारात न देण्याबाबत.
संदर्भ: समितीचा ‘यंत्र निकामी’ असा शेरा असलेला अहवाल.

महोदय,

अर्जदार आपल्या संस्थेत भिंग-मापन यंत्राचा चालक आहे. माणूस लांबचे सोडून जवळचे पाहू लागला की डोळ्यातले भिंग फुगते आणि किंचित पुढे सरकते. सदर यंत्र डोळ्याला हात न लावता, नुसत्या उजेडाने चित्रे काढून ती हालचाल मोजते. त्याला चहा करता येत नाही, हा दोष अर्जदारास मान्य आहे.

गेल्या सोमवारी समितीने यंत्र तपासले. सदस्य तिघे, तिघेही निवृत्तीला आलेले. तिघांनी आळीपाळीने हनुवटी टेकवून आधी भिंतीवरचे, मग नाकासमोरचे अक्षर पाहिले. एकाचेही भिंग जागचे हलले नाही. त्यावरून यंत्र बंद पडल्याचे समितीने एकमताने ठरवले.

वयानुसार भिंग ताठर होते, सगळ्यांचेच होते, त्यात कमीपणा नाही, असे अर्जदाराने सांगून पाहिले. त्यावर समितीतले लेखाधिकारी साहेब उसळले, “माझं भिंग हलत नाही? अरे, मी अजून बिनचष्म्याने सुईत दोरा ओवतो!” लगेच सुई-दोरा आणवण्यात आला. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा साहेबांच्या अंगठ्याला भेटून आला. तेव्हा सुईही निकामी असल्याची नोंद अहवालात घेण्यात आली.

खात्रीसाठी अर्जदाराने नवीन टंकलेखिकाबाईंना यंत्रापुढे बसवले. त्यांचे भिंग झकास हलले. परंतु बाई समितीच्या सदस्य नाहीत, शिवाय त्यांनी ते मुद्दाम हलवले असावे, असे समितीचे मत पडले.

उद्या भंगाराची गाडी येत आहे. यादीत ‘यंत्र एक, खुर्ची एक, चालक एक’ असे आहे. ही चूक असेल म्हणून विचारले, तर आस्थापनेतले भाऊसाहेब म्हणाले, “यंत्रच नाही, मग तू कशाला रे बाबा?” भंगारवाल्याने काल घरी फोन करून अर्जदाराचे वजन विचारले. मुलाची एवढी चौकशी म्हणजे स्थळ आले असणार, अशी आईची समजूत झाली असून ती खुशीत आहे.

तरी सदर यादी रद्द करावी, ही विनंती. ते जड जात असल्यास, गाडी येण्यापूर्वी तिशीच्या आतले कोणीही यंत्रापुढे बसवून बिघाड नक्की कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

अहवाल वाचताना आपण हात लांब करत गेलात, हात संपला, मग शिपाईकाकांना कागद धरून दारात उभे केलेत, हे अर्जदाराने पाहिले आहे. म्हणून हा अर्ज मोठ्या ठळक अक्षरांत काढला आहे. तरीही वाचता आला नाही, तर काकांना जिन्यापर्यंत मागे सरकायला सांगावे. सहीची जागा मात्र जवळच येते. तिथे अर्जदार स्वतः बोट ठेवील.

आपला, गाडी येईपर्यंत तरी नम्र,
(सही)
यंत्रचालक
दिनांक: गाडीच्या आदल्या दिवशी, दुपारी

सोबत:
१) समिती सदस्यांच्या भिंगांची चित्रे, आधीची व नंतरची (कोणती कुठली ते ओळखू येत नाही)
२) टंकलेखिकाबाईंच्या भिंगाची चित्रे (ओळखू येतात)
३) सुई एक, दोरा एक (अद्याप वेगवेगळे)