बाराची रेषा

१७ डिसेंबर १९७२, रविवार

आजवर माझ्या हातांनी केलेलं: तराजू दोन. पाऊस मोजायचं नळकांडं एक. बल्बच्या काचेचं भिंग— त्यातून मुंगीचे पाय दिसतात. होकायंत्र तीन, पैकी एक फसलं. आणि आता ही पितळी तबकडी! व्यास एक फूट, मधोमध चार इंची सळई. रेडिओवर घड्याळ लावून, बाराच्या ठोक्याला सळईची सावली पडली तिथे छिन्नीनं कोरलेली रेषा. सातवी पास फिटरचं काम आहे म्हणावं!

दर रविवारी गच्चीवर माझ्याकडे विज्ञान शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवली. म्हणालो, सावली सर्वांत लहान म्हणजे बारा. शिक्षक श्यामकांतांची सुनीती, वय अकरा, जन्म इथलाच, कलकत्त्याचा, उठून म्हणते कशी— "काका, बारालाच सगळ्यात लहान, हे तुम्ही देखलं?"

"पुस्तकात आहे."

"मंजे देखलं नाही."

पोरं फिदीफिदी हसली. मी भडकलो. "आधी मराठी धड बोल, मग विज्ञान शिकव!" खाली बसली बिचारी.

१९ डिसेंबर

शाळांना सामान पुरवणारे जयप्रकाशबाबू गच्चीवर येऊन तबकडी पाहून गेले. चाळीस हव्यात, थेट बजबजपर्यंतच्या शाळांसाठी. रक्कम बायकोला, मालतीला, सांगितलेली नाही. हावड्याला जुना लेथ, धातू कातायचं यंत्र, पाहून ठेवलाय, तीन वर्षं झाली. आता या पैशांत घरी येईल!

२० डिसेंबर

जेवताना मालती म्हणाली, "त्या पोरीला असं बोलायला नको होतं. तुम्हाला साहेब लोक इंग्रजीवरून बोलतात, तेव्हा कसं वाटतं?"

 

२४ डिसेंबर, रविवार

सुनीती आली! मला वाटलं होतं, यायची नाही. हातात खडू आणि दोरी. माझ्याकडे न बघता सळईभोवती पाच इंच त्रिज्येचं वर्तुळ काढलं. "घड्याळ द्या, काका." दिलं. सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरलं. पोरगी जेवायला खाली गेली नाही. मालतीनं पोळीची गुंडाळी वर नेऊन दिली. टोक बाहेर पडलं एक वाजून अकरा मिनिटांनी.

"दोन्ही टायमाला छाया सारखी. मंजे सगळ्यात लहान मधे." बोटं मोजली. "अकरा वाजून साडेछत्तीस."

बारा नव्हे! मी पट्टी लावली, पुन्हा हिशेब केला. साडेछत्तीसच. तीस वर्षं मापं घेतोय, ही युक्ती मला सुचली नव्हती.

बाकीच्या पोरांसमोर म्हणालो, "गेल्या रविवारी मी चुकलो. रेषेतही, आणि तुला बोललो त्यातही." लाजली. मग म्हणते, "पण काका, तुमचा घड्याळ भालो आहे ना? ठीक चालतो ना?" लब्बाड!

२५ डिसेंबर

सुट्टी. एकट्यानं पुन्हा केलं. अकरा सदतीस.

२६ डिसेंबर

खालच्या घड्याळदुरुस्तीवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. डोळ्यावरचं भिंग न काढता हसले. "आगे तो कोलकातार निजेर टाइम छिलो, मोशाय! चोब्बिश मिनिट आगे." पूर्वी या शहराची वेळ स्वतःची होती, चोवीस मिनिटं पुढे, ती बंद झाली तेव्हा काटे त्यांनी स्वतः मागे फिरवलेले. आता घड्याळ सगळ्या देशाला एक. सूर्याला ते कोण सांगणार? तो पूर्वेकडच्यांना आधी गाठतो. इतकं साधं! आणि मी छिन्नी मारून मोकळा.

संध्याकाळी सुनीतीला सांगितलं. टाळ्या पिटल्या तिनं. लगेच पुढचा प्रश्न— "उन्हाळ्यातपण अकरा छत्तीसच होणार?"

"माहीत नाही," म्हणालो. पोरांपुढे हा शब्द प्रथमच तोंडातून निघाला. चव वाईट नाही. दर महिन्याला बघायचं ठरलं. नोंदींची वही तिच्याकडे.

२८ डिसेंबर

तबकडीवर खरी रेषा कोरली. खोटी घासून काढणार होतो. सुनीती म्हणाली, "राहू द्या ना, काका. कसं कळलं, तेपण दिसेल." राहू दिली. अकरा वर्षांची आहे!

३१ डिसेंबर

जयप्रकाशबाबूंना खरी रेषा दाखवली. म्हणाले, "हेडमास्टर लोग झगड़ा करेंगे. घड़ी के बारह पर ही रखिए. जाँचेगा कौन?" म्हणालो, एक मुलगी आहे. हसले. मी हसलो नाही. चाळीस तबकड्यांना, आणि लेथलाही, नाही म्हणून आलो. आल्यावर मालतीला आकडा सांगितला: रुपये तीन हजार दोनशे.