चंद्रावरच्या म्हातारीले माहं नाक

चि. समतास,

अमडापूरहून तुही आजी मनकर्णाबाई हिचा जयभीम. तब्येत बरी आहे. गुडघे जागच्या जागी आहेत, उठाले लावलं तरच बोलतात. तू पुण्यात जेवते का नुसती चित्रं काढते? फोनवर तू "हो आजी, हो आजी" करते अन् मंग मनाचंच करते, म्हणून लिहून राह्यली.

तुहं कॉमिक भेटलं. चंद्रावरची वस्ती, तिथून हवेचं सिलेंडर चोरीले गेलं, अन् तपासाले टिनपत्र्याचा एकडोळ्या जासूस. इथपर्यंत ठीक. पण संशय कोणावर? एका म्हातारीवर. तिचं नाक माहं, हनुवटीवरची चामखीळ माही, कमरेची तंबाखूची चंचीसुदिक माही. (चंद्रावर तंबाखू कोण विकते ते तुलेच माहीत.) अन् पुस्तक संपलं तरी चोर कोण याचा पत्ता नाही, म्हणे दुसऱ्या भागात. ज्या कादंबऱ्यांवरून तू हे काढलं, तिथं, तूच फोनवर म्हणे, म्हातारा होता. मंग त्याले लुगडं काऊन नेसवलं, पोरी?

आता इकडचं ऐक. सध्या पापडाचे दिवस आहेत. आज हिची पारी, उद्या तिची; जिची पारी तिच्या घरी साऱ्यायनं लाटाचं, पोळपाट-लाटणं ज्याचं त्यानं आणाचं. बेबीताईच्या घरी बाया लाटून राह्यल्या होत्या अन् मी तुहं पुस्तक वाचून दाखवत होती. म्हातारीचं चित्र पाह्यल्याबरोबर शेजारची नूरजहां म्हणे, "मावशी, ये तो तुमीच!" सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात बेबीताईचं लाटणं दिसेना. अन् सगळ्यायच्या नजरा माह्या कमरेकडं. चंचीत लाटणं मावते का? (पण चित्रात तू म्हातारीच्या पदराखाली काहीतरी फुगवून ठेवलं, त्यानं माहा घात केला.) बेबीताई नुसती म्हणे, "तुमच्या पारीले जमन का नाई, पाहू." माही पारी पुढच्या रविवारी आहे, समता. उडदाचा उंडा मळला अन् बाया नाही आल्या, तर मी एकटी लाटत बसू? दिवस कलला का उंडा आंबला.

म्हणून मी तुह्या टिनाच्या जासूसावानी केलं. तो सगळ्यायले एकच विचारते, वस्तू शेवटी कोणत्या कामाले लागली? बेबीताई म्हणे, "पापड लाटाले, अजून कायले?" म्हटलं, त्याच्यानंतर? म्हणे, "मंग गच्चीवर वाळू घातले." मी गुडघ्यायले शिव्या देत गच्चीवर गेली. पापड वाळू घातलेल्या लुगड्याचं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनंच लाटणं वर ठेवलं होतं! आणून पुढ्यात आदळलं. माफी राह्यली दूर, बेबीताई म्हणे, "हे सुटलं. चंद्रावरचं कुठं सुटलं?" बाकीच्यायनंही माना हलवल्या.

तर माह्या पारीच्या आत कळव का म्हातारीनं सिलेंडर घेतलं नाही. तुह्या कादंबऱ्यायत काही असो. अन् पुढच्या भागात तिचं नाक बारीक कर.

तुही आजी,
मनकर्णाबाई

ता. क. पाकीट चिकटवाच्या आधी बाया येऊन गेल्या. म्हातारी निर्दोष निघाली तर मजा काय, पुढचा भाग ऐकाले येत नाही म्हणतात. चोर असंन तर सगळ्या येतात, नूरजहां नणदेलेही आणते. तर म्हातारीलेच चोर कर.

आणखी ता. क. पण त्या टिनाच्या हाती लागू देऊ नको. अन् नाक राहू दे तसंच, कोणाचं आहे ते कळलं पाह्यजे.