परस्पर पुरा केलेला आरसा

४ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. सहा वाजून दहा मिनिटांनी, वाचनालयाच्या तळघरात, हौशी दुर्बीणवाल्यांच्या मंडळात, अकरा माणसांच्या टाळ्यांमध्ये मला माझा दुर्बिणीतला आरसा भेट देण्यात आला. माझाच आरसा! मलाच! वर गुलाबी फीत.

तीन वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी मी ती आठ इंची काच घासते आहे. पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती मी. घाण्याचा बैल बरा, त्याच्या डोळ्यांना झापडं तरी असतात. काच खोलगट झाली, तिला चकाकी आली. मग दिव्यासमोर धरून चाचणी, आणि चाचणीत दर वेळी तेच – कड पडलेली! म्हणजे मधला भाग बिनचूक आणि काठ किंचित घसरलेला. केसाच्या जाडीचे शेकडो भाग केले तर त्यातला एक. पण तेवढ्यानं तारा फिसकटतो.

दोन आठवडे मी खोकल्यानं घरी पडून होते. तेवढ्यात काच कारखान्यात जाऊन आली. मशीनवर कड सरळ झाली, वर चंदेरी मुलामाही चढला. सचिव म्हणाले, "मॅडम, सत्तरीची भेट! आता काही राहिलं नाही बघा."

खरं आहे. काही राहिलं नाही.

मंडळाचा नियम एकच – ज्याची काच त्यानंच घासायची, दुसऱ्याचा हात लागायचा नाही. भिंतीवर लावलाय, सचिवांच्याच अक्षरात. मी तिकडे बोट दाखवलं तर म्हणतात, "मशीनला कुठे हात असतात?" आणि हसले. अकरा जण हसले.

५ सप्टेंबर

कारखान्यात पाठवा म्हणून सांगणारा माणूस सापडला. तो माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून चहा पितो. आमचे हे!

"अगं, तुझे हाल बघवेनात."

"गुडघे माझे, खांदा माझा. तुम्हाला काय झालं?"

"नाही… वाटलं, एकदाचा होऊन जाऊ दे."

एकदाचा! जसा काही आरसा म्हणजे तुंबलेली मोरी.

७ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. वडिलांनी वकील नेमलेला दिसतो.

"आई, झालाय ना पूर्ण? मग आनंद मान की."

"मी कुठे केलाय?"

"आणि तुझ्याकडून कधी झालाच नसता तर?"

तर झाला नसता! काय आभाळ कोसळणार होतं? न होणंसुद्धा माझं असतं. तिला शाळेत गणितं सोडवून दिली नाहीत म्हणून ही बाई आज हिशेबनीस आहे, आणि मला विचारते! फोन ठेवला. मीच.

९ सप्टेंबर, मंगळवार

मंडळात गेले. सचिवांनी नवं तत्त्वज्ञान काढलं. "पोचण्याचं काय घेऊन बसलात मॅडम, वाटेतला आनंद तर मिळाला ना!"

हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या तळघरात तीन पावसाळे काढायला लावावेत. वाटेत कसला आनंद? भिंतीला ओल, नखांत लाल पूड, खांद्याला शेक. मला पोचायचंच होतं. पोचेन की नाही ते ठाऊक नव्हतं, पण जायचं तिथेच होतं. हे न पोचलेले लोक वाटेचं कौतुक करतात, आणि जे निघालेच नाहीत ते आणखी जोरात करतात. सचिवांनी स्वतः आजवर एक काच घासलेली नाही. फक्त फिती कापल्या.

शिकवणारे सर तेवढे खाली मान घालून उभे होते. हळूच म्हणाले, "बाई, मी नको म्हणालो होतो. पण मशीनवर छान झालाय हो."

छान झालाय. तेच तर!

१० सप्टेंबर

खोका कपाटावर आहे. उघडलेला नाही. संध्याकाळी ह्यांनी विषय काढला. "एकदा दुर्बिणीच्या नळीत बसवून बघू या का? शनी हल्ली लवकर वर येतो."

"शनी बघायचा असेल तर वाचनालयात चित्रं आहेत. रंगीत."



११ सप्टेंबर

आज पुन्हा विचारलं. मी खोका आणखी मागे सरकवला.

१५ सप्टेंबर, सोमवार

तोंडी बोलून ह्यांच्यावर काही परिणाम होत नाही. "चुकलं गं" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. छत्तीस वर्षं मी कार्यालयात आवक-जावक सांभाळली. कागदावर आल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही एवढं मला कळतं. तेव्हा रीतसर पत्र दिलं –

"विषय : माझा आरसा परस्पर पुरा केल्याबाबत. आपण हे का केलंत? 'हाल बघवेनात' हे कारण नामंजूर. तीन वर्षं बघवत होते. खरं कारण लेखी द्यावं. मुदत शुक्रवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी पाच."

पोच म्हणून सही घेतली. सही करताना म्हणाले, "प्रत जोडायची का साहेब?" एरवी मी हसले असते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी खोका उघडला. आरसा बघितला. सुरेख आहे. बोट लावायची भीती वाटावी इतका सुरेख. माझ्या हातून असा कधीच झाला नसता, हे तिथल्या तिथे कळलं. लिहून ठेवते, उगाच आव आणायला नको.

शाळेत शिवणाच्या सिस्टर होत्या. एकदा माझा रुमाल पुरा होईना म्हणून शेजारच्या मुलीनं चार टाके घालून दिले. सिस्टरनी एका नजरेत ओळखले. "हे तुझे नाहीत. उसव." त्या चार टाक्यांसाठी अख्खी किनार उसवावी लागली. रडत उसवली होती.

आज रडले नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओलं फडकं पसरलं, घासताना खाली असायची ती जुनी काच ठेवली, त्यावर ऐंशी नंबरची पूड – सगळ्यात भरड – आणि वर आरसा. पहिल्या फेरीला तो कर्कश आवाज! दहाव्या फेरीला मुलामा गेला. अर्ध्या तासात काच खरबरीत, पांढरी, आंधळी. तीन वर्षांपूर्वी होती तशी.

हे दारात येऊन उभे राहिले. किती वेळ कोण जाणे. म्हणाले, "घासलीस?"

"घासली."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, भांडतील तरी. तेवढीही धमक नाही!

सरांना फोन केला. त्यांनी आधी कुठल्या नंबरची पूड ते विचारलं. मग म्हणाले, "हात बसलाय तुमचा. तरी दीड-दोन वर्षं धरा. आणि कड पुन्हा पडणार नाही याची हमी नाही."

हमी मागितली कुणी?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चार वाजून पन्नास मिनिटांनी ह्यांनी उत्तर हातात दिलं. अक्षर भलं मोठं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"संदर्भ : आपलं सोमवारचं पत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं, मधली नजर जाते आहे. काठाकाठानं दिसत राहील. मधलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच. तुला सांगितलं असतं तर तू घाई केली असतीस, आणि घाईत तुझी कड पडते. मला तुझ्या आरशातून एकदा शनीची कडी बघायची होती. चुकलो."

काच मी काल घासली.

सचिवांना चिठ्ठी, आजच – "पिंप मला रोज हवं आहे. मंगळवार-गुरुवार नव्हे, रोज, सकाळी आठपासून. माझ्याबरोबर एक माणूस बसायला येईल, त्याला खुर्ची लागेल. काचेला हात कुणीही लावायचा नाही. हो की नाही ते लेखी कळवा. उद्या दुपारी बाराच्या आत."